गप्प बसायची नोकरी

पडेगावला राहायला आलो त्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी विचारलं, "तिकडं हवाईला तुम्ही पण नोकरी करत होतात म्हणे? कशात?"

"होडी शिकवत होते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि विषय सरळ टँकरवर आणला. त्यांचं काही चुकलं नाही. ज्या गावात नळाला पाणी आलं की गल्लीभर फोन फिरतात, तिथली बाई समुद्रात होडी हाकायला शिकवत होती हे ऐकून कुणीही टँकरकडेच वळेल. खरं सांगायचं तर माझाही अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

झालं असं, की आमच्या ह्यांचा विषय ऊस. हवाई बेटांवर तेव्हा उसाचे मळे होते आणि तिथल्या एका संशोधन केंद्रातून ह्यांना बोलावणं आलं. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलो. पुढे मळे बंद पडले, साखर कारखाने बंद पडले, हे उसावरून कॉफीवर गेले आणि आम्ही तिथेच राहिलो. घरात बसून माझा जीव आंबून गेला होता. संध्याकाळी किनाऱ्यावर चालायला जायची, तर तिथे एका मांडवाखाली काही माणसं एक भली मोठी जोडहोडी तयार करत होती. दोन लांब होड्या शेजारी शेजारी, मधे आडवी लाकडं, आणि सगळं दोरीने करकचून आवळलेलं. खिळा नाही की स्क्रू नाही. खिळ्यांनी जखडलेली होडी मोठ्या लाटेवर तडकते. दोरीची होडी लाटेबरोबर थोडी लवते आणि टिकते, हे मला नंतर कळलं.

माझ्या माहेरी बाज घरीच विणायची पद्धत होती. पायाने लाकूड दाबून दोरी ताणून धरायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे ती दोरी पाहिली आणि माझे हात नुसते शिवशिवायला लागले. तिथल्या म्हाताऱ्या गुरुजींच्या ते लक्षात आलं. त्यांचं नाव कीमो. तिकडे कुणाही वडीलधाऱ्याला अंकल म्हणतात आणि बाईला आंटी, अगदी आपल्यासारखंच. अंकल कीमोंनी काही न विचारता दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. मी एक वेढा आवळून दाखवला. त्यांनी तो ओढून पाहिला, चांगला म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "उद्या लवकर ये." तो 'उद्या' संपता संपता माझे केस पांढरे झाले.

आता हे काम काय असतं ते सांगते. तिथल्या लोकांच्या पूर्वजांनी केवढा तरी समुद्र होकायंत्र, नकाशा, घड्याळ यांतलं काहीही न घेता पार केला. मधल्या काळात ही विद्या जवळजवळ बुडाली होती. काही हट्टी माणसांनी ती पुन्हा उभी केली. अंकल त्या हट्टी माणसांपैकी एक. वाट काढणारा माणूस होडीच्या मागच्या टोकाला बसतो. सूर्य कुठून वर आला, वारा कुठल्या गालाला लागतोय, लाट होडीला कुठल्या अंगाने उचलते, पक्षी कुठून कुठे चाललेत, एवढ्यावर तो दिशा सांगतो. लिहून काही ठेवायचं नाही. त्यातला ढगांचा धडा मला सगळ्यांत आधी आला. मोकळ्या समुद्रावर ढग पळत असतात, पण एखादा जागचा हलत नसेल तर त्याच्याखाली बहुधा जमीन असते. मराठवाड्यातल्या माणसाला ढगाकडे बघायला शिकवावं लागत नाही. त्याच्याकडून पावसाची आशा सोडायला तेवढं शिकवावं लागतं.

आणि एक अवघड गोष्ट. वाट काढणाऱ्याने मनात असं धरायचं असतं की होडी जागच्या जागी उभी आहे आणि बेटच आपल्याकडे चालत येतंय. एस. टी.त खिडकीशी बसलेल्या लहान मुलाला झाडं पळताना दिसतात ना, तेच मोठेपणी पुन्हा खरं मानायचं. बेट कुठवर आलं असेल याचा हिशोब अखंड डोक्यात चालू ठेवायचा. तो तुटला की सगळं संपलं.

हे सगळं शिकायला मला फार वर्षं लागली, पण खरी परीक्षा पुढेच होती. मी शिकवायला लागले तेव्हा अंकल म्हणाले, "आता तुझं काम गप्प बसण्याचं."

विद्यार्थी पहिल्यांदा एकटा वाट काढतो, तेव्हा गुरू होडीत असतो पण बोलत नाही. काठ सोडल्यापासून काठाला लागेपर्यंत एक अक्षर नाही. जिवावरचं संकट आलं तर गोष्ट वेगळी. एरवी गुरू बोलला की ती सफर बाद. आमच्या घराण्यात गप्प बसणारं माणूस अजून जन्माला आलेलं नाही. पहिल्या वेळी मी तोंड मिटून बसले, तर होडीतच बसलेले अंकल नंतर म्हणाले, "आंटी, तोंड बंद होतं, पण तुझा चेहरा मोठमोठ्याने बोलत होता." म्हणून मला पुढच्या टोकाला, विद्यार्थ्याकडे पाठ करून बसवायला लागले. पुढच्या सफरीनंतर म्हणाले, "आता पाठ ओरडते आहे." पाठ गप्प करायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

या पाठीमागे किती तरी माणसं शिकून गेली. एक निवृत्त वैमानिक होता. जन्मभर विमानं चालवलेला माणूस, पण डोळ्यांनी दिसलेलं खरं मानायला तयार नसायचा. हातातलं घड्याळ काढून ठेव म्हटलं तर त्याने ते पायात, मोज्याच्या आत बांधलं. वारा पडून सगळं शांत झालं की मोज्यातून टिकटिक. एवढा मोठा माणूस, पण पकडल्यावर शाळकरी पोरासारखा लाजला. पुढे तोच फार चांगली वाट काढायला लागला. मला तिकडच्या लोकांचं सगळ्यांत कौतुक वाटतं ते याचंच. वयाचा, हुद्द्याचा बाऊ नाही. चुकलं तर हसतात आणि पुन्हा बसतात.

मी काय समजत होते, की हा गप्प बसण्याचा नियम विद्यार्थ्याच्या भल्यासाठी आहे. आपल्याला उत्तर माहीत असतं, आपण ते मोठ्या मनाने गिळायचं, त्याला धडपडू द्यायचं. एकदा मी अंकलना तसं म्हटलं. ते नुसते हसले. मला वाटलं, कौतुकाने हसले.

इकडे परत आल्यावर हात पुन्हा शिवशिवायला लागले. समुद्र नसला तरी नाथसागर होता. पैठणच्या धरणामागचं ते पाणी गंगापूरच्या बाजूला येईपर्यंत असं पसरतं, की धुरकट दिवशी पलीकडचा काठ दिसत नाही. मला तेवढं पुरेसं होतं. छोटी जोडहोडी करून घेतली, परवानग्यांसाठी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि काठावरच्या एका शेतात ती ठेवायला जागा मिळाली. शेत तात्यांचं. तात्या म्हणजे ऊस आणि कापूस करणारे पक्के शेतकरी, वय सत्तरीचं, आवाज असा की बोलायला लागले की बांधावरचे बगळे उडतात.

होडी पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हिला खिळा नाय?"

"नाही."

"नुस्ती दोरी?"

"नुसती दोरी."

"मंग ती होडी कसली वो बाई? ती तर बाज झाली!"

मी मनापासून हसले. माझी सगळी कारकीर्द त्यांनी एका वाक्यात सांगितली होती. मात्र तात्या स्वतः होडीत कधी बसले नाहीत. होडीतच काय, त्या पाण्यात त्यांनी पाऊलही टाकलं नव्हतं. धरण झालं तेव्हा त्यांच्या घरची निम्मी जमीन पाण्याखाली गेली. "चांगलं काळं रान व्हतं. आता त्याच्यावरून मासे फिरत्यात," ते म्हणायचे. काठावर उभे राहायचे, पण चप्पल ओली होऊ द्यायचे नाहीत.

माझ्याकडे शिकायला शहरातून नाना तऱ्हेचे लोक आले. एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला म्हणून आलं; नवरीचा पायघोळ झगा शिडाच्या दोरीत अडकला आणि होडी गोल गोल फिरत राहिली. फोटो मात्र सुंदर आले म्हणे. एक गृहस्थ दर रविवारी यायचे, होडीत बसायचे आणि झोपायचे. घरी झोपू देत नाहीत, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मी त्यांनाही नाही म्हटलं नाही.

खरी शिकली ती तात्यांची सून, मनीषा. वाळूजच्या एका कंपनीत तयार मालाची तपासणी करायची. दिवसभर एकसारखे दिसणारे पार्ट हातात घेऊन त्यातला खोटा कुठला ते सांगायचं, हे तिचं काम. सुट्टीच्या दिवशी काठावर येऊन माझे वर्ग बघत बसायची. एके दिवशी म्हणाली, "काकू, मी बसू का?" ती बसली, आणि मला कळलं की आपण उगाच इतके दिवस झोपणाऱ्या माणसाला फिरवत होतो. तिची नजर कशावरूनही घसरत नसे. वारा बदलला की माझ्याआधी तिच्या मानेला कळायचं. तिच्यासारखी विद्यार्थिनी मला हवाईतही क्वचित मिळाली असेल. हे मी तिला कधी सांगितलं नाही. आता इथे छापून येतंय तर वाचेल.

तिकडची एक रीत मी इकडे आवर्जून लावली होती. परत आलेली होडी थेट काठाला लावायची नाही. थोडं अलीकडे थांबायचं, आपण कोण, कुठून आलो ते मोठ्याने सांगायचं आणि उतरू का म्हणून विचारायचं. जमीन ज्याची, त्याने या म्हटलं की मगच उतरायचं. तिकडे हे फार गंभीरपणे करतात. इकडे जमीन तात्यांची, म्हणून ते बाभळीखाली उभे राहून उत्तर द्यायचे. सुरुवातीला म्हणायचे, "या की! रोजचंच हाय, इचारता काय?" पण काही दिवसांनी मी पाहिलं, होडी दिसली की ते टोपी नीट करून, सावरून उभे राहायचे.

मग हवाईतल्या आमच्या होडीच्या शाळेतून विचारणा आली. उन्हाळ्यानंतर त्यांची मोठी होडी लांबच्या सफरीला निघणार होती. एक माणूस तुमच्याकडून पाठवा म्हणाले. अट एकच, त्याने एकदा तरी एकट्याने वाट काढलेली असावी आणि आंटीने तसं सांगावं. अंकल आता नाहीत, पण त्यांचा नियम आहे. मी मनीषाचं नाव घेतलं. तिच्या नवऱ्याची हरकत नव्हती, कंपनी बिनपगारी रजा द्यायला तयार होती. अडलं ते तात्यांपाशी. घरात तात्या म्हणतील तसं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी बसंन होडीत. कुणाला न इचारता तिनं वाट काढली, तर जाऊ द्या. एकदा जरी इचारलं, तर हा इषय पुन्हा नाय काढायचा."

मनीषा म्हणाली, "चालंल." मला मात्र ती पैज नको होती. कारण लांबच्या सफरीशिवाय शिक्षण पुरं होत नाही, आणि ही पोरगी गेली नाही, तर माझ्यामागे इथे ही विद्या धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

ठरलं असं. नाथसागराच्या मधोमध उन्हाळ्यात पाणी उतरलं की एक बुटकं बेट उघडं पडतं. जवळ गेल्याशिवाय ते दिसत नाही. तिथे सुरय पक्षी अंडी घालतात, म्हणून उतरायचं नाही. लांबून वळसा घालून परत यायचं. सकाळी निघालो तेव्हा हवा इतकी धुरकट होती की सूर्य म्हणजे नुसता फिकट डाग. तात्यांनी सदऱ्यावर नारिंगी जॅकेट चढवलं, होडीचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. मी पुढे, पाठ करून. मागे मनीषा.

काठ दिसेनासा झाला तसं तात्यांनी डोळे उघडले आणि पिशवीतून केळी काढली. हवाईत होडीत केळं नेणं म्हणजे घोर अपशकुन! मी आयुष्यात कधी एवढी तळमळले नसेन. पण बोलायची सोय नव्हती. त्यांनी एक माझ्यापुढे धरलं. मी मान हलवली. "निर्जळी उपास हाय का?" तात्यांनी विचारलं. मी समोर बघत बसले.

वारा पश्चिमेचा, उजव्या गालावर. बराच वेळ गेला. माझ्या हिशोबाने बेट आत्तापर्यंत यायला हवं होतं. मनीषाच्याही हिशोबाने यायला हवं असणार, कारण तिने मला शीड सैल करायला सांगितलं आणि होडी मंदावली. म्हणजे आम्ही बेटाच्या बाजूने निघून चाललो होतो. पण कुठल्या बाजूने?

तेवढ्यात एक सुरय समोरून गेला. उजवीकडून आला आणि डावीकडे धुरकटात नाहीसा झाला. माझा जीव भांड्यात पडला. नियम अगदी पहिल्या वर्गातला आहे. सकाळी पक्षी जमिनीवरून पाण्याकडे जातात, संध्याकाळी पाण्याकडून जमिनीकडे. आता सकाळ होती. पक्षी उजवीकडून आला, म्हणजे बेट उजवीकडे. आता मनीषा होडी उजवीकडे घेईल.

मनीषाने होडी डावीकडे घेतली.

वाऱ्याच्या दिशेने होडी अशी पळाली की तात्यांचं केळं पाण्यात पडलं. माझ्या घशाशी शब्द आला. वाऱ्याबरोबर खाली जाणं सोपं असतं, पण परत वर चढून येणं आमच्या त्या लहान होडीला फार जड. ती चुकली असती तर संध्याकाळपर्यंत फिरत बसलो असतो आणि सगळा विषय तिथेच संपला असता. जिवाला काही धोका नव्हता. फक्त "उजवीकडे" म्हणायचं होतं. नुसतं खोकले असते, मान त्या बाजूला वळवली असती, तरी तिला कळलं असतं. शेजारी तात्या विचारत होते, "बाई, बराबर चाललंय का? सांगा की!" मी पायाखालच्या दोरीचा वेढा दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि पाठ ताठ केली. अंकल असते तर म्हणाले असते, पाठ किंचाळते आहे.

मग समोर धुरकटात पांढरे ठिपके हलायला लागले. आवाज आला, शेकडो पक्ष्यांचा. आणि त्या ठिपक्यांखालून बेट आमच्याकडे चालत आलं.

"आरं तिच्या!" तात्या म्हणाले. मग मागे वळून, "कसं कळलं गं तुला?"

"पाखराच्या चोचीत मासा व्हता, तात्या. आडवा धरलेला. स्वतःला खायला असता तर तिथंच गिळला असता. घरी पिलं हायेत, म्हणून घेऊन चाललं व्हतं."

मी पुढे बघत बसून राहिले. पिल्लांच्या दिवसांत पक्ष्यांचं वेळापत्रक बदलतं, हेही अंकलनीच शिकवलं होतं आणि मीच ते मनीषाला शिकवलं होतं. पण मी पक्षी पाहिला, चोच पाहिली नाही. मला उत्तर आधीच माहीत होतं ना! मी बोलले असते, तर तिने माझं ऐकलं असतं, आणि आम्ही बेट मागे टाकून भलतीकडे गेलो असतो. अंकल त्या दिवशी का हसले, ते मला त्या बेटासमोर कळलं. गप्प बसण्याचा नियम फक्त विद्यार्थ्यासाठी नाही. गुरूच्या चुकीपासून होडी वाचावी म्हणूनही आहे. तो नियम ज्यांनी केला, त्या जुन्या दर्यावर्दी माणसांना मी मनातून हात जोडले.

बेटाला लांबून वळसा घालून परत निघालो. बाभळीचं झाड दिसलं तशी मनीषाने रीतीप्रमाणे होडी अलीकडे थांबवली. उभी राहिली आणि काठाकडे बघून थबकली. काठावर कुणीच नव्हतं. या म्हणणारा माणूस होडीतच बसला होता.

तात्यांच्याही ते ध्यानात आलं. मग चपला काढून होडीत ठेवल्या, धोतर वर खोचलं आणि सावकाश पाण्यात उतरले. पाणी मांडीपर्यंत आलं. मनीषा म्हणाली, "तात्या, सावकाश जा. काठावर गेल्यावर बोलवा."

"काठावर कशाला?" त्यांनी पायाने तळ चाचपून पाहिला. "उभा हाय ते बी आमचंच रान हाय."

त्यांनी टोपी नीट केली. मनीषाने मोठ्याने सांगितलं, "मी मनीषा. इथलीच. बेटाला वळसा घालून आले. उतरू का?"

तात्यांचा बगळे उडवणारा आवाज त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे. ते हळूच म्हणाले, "ये, पोरी. अन् तिकडं लांबच्या पाण्यावर जाशील ना, तवा बी असंच इचारून उतर."

माझ्यावरची बंदी तिथे उठत होती; आता मला हवं तेवढं बोलता आलं असतं. पण मी शीड गुंडाळत राहिले. जन्मात पहिल्यांदाच मला आपणहून गप्प बसावंसं वाटलं.